शंभरातले चौऱ्याण्णव

नवीन नेट जोडायला आलेला मुलगा निघण्याआधी एक काम न चुकता करतो. राउटरशेजारी उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. काटा सरसर चढतो आणि ९४ वर येऊन थांबतो. "शंभरचा प्लॅन आहे, चौऱ्याण्णव येतंय. ओके आहे सर." मग ओटीपी घेऊन तो पुढच्या इमारतीत जातो. त्या आकड्यात खोटं काही नसतं. मात्र तो भर दुपारी, राउटरपासून दोन हातांवर, बहुधा कंपनीच्याच जाळ्यातल्या सर्व्हरशी बोलून काढलेला असतो. रात्री नऊ वाजता आतल्या खोलीत सिनेमा अडखळू लागतो, तेव्हा यातली एकही गोष्ट तशी राहिलेली नसते.

जाहिरातीतला वेग आणि घरातला वेग जुळत नाही म्हटल्यावर बहुतेक जण "लुटतात साले" म्हणून मोकळे होतात. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेकदा प्रकार वेगळा असतो. कंपनी प्रवासातल्या एका टप्प्याचा वेग विकते आणि आपण अख्ख्या प्रवासाचा वेग विकत घेतला असं धरून चालतो. म्हणून वेग किती हे विचारण्याआधी तो कुठून कुठपर्यंतचा आणि किती वाजताचा, हे विचारलेलं बरं. त्या उत्तरासाठी मोबाइलपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जाऊ.

त्याआधी एक हिशेब. जाहिरात मेगाबिटमध्ये असते आणि डाउनलोड होताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. म्हणजे शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबी, हा झाला पूर्ण वेग. एक जीबीची फाइल उतरायला ऐंशी सेकंद लागले तर कंपनीने शब्द पाळला. ग्राहकांच्या भांडणांपैकी बरीचशी इथेच मिटायला हवीत.

आता ते ९४. इंटरनेटवरचा मजकूर पॅकेटांनी जातो. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं. त्यातले ४० बाइट कुठून आलं, कुठे जायचं, कितवा तुकडा अशा नोंदींत जातात. वायरीवर चढताना दोन पॅकेटांमधली मोकळी जागा धरून आणखी ३८ बाइटची भर पडते. म्हणजे वायर १५३८ बाइट वाहते तेव्हा तुमच्या हाती १४६० पडतात. भागाकार केला की ९४.९ टक्के येतात. पॅकेटमधल्या नोंदी थोड्या वाढल्या की ९४. शंभरच्या जोडणीवर हा आकडा दिसला तर त्या टप्प्यावर तक्रारीला जागा नाही.

पण प्लॅन तीनशेचा असूनही आकडा ९४ वरच अडला असेल, तर तोच आकडा पुरावा ठरतो. अर्थ सरळ आहे: मध्ये कुठेतरी शंभरची वस्तू बसली आहे. नेटची वायर राउटरमधून काढून तिचं पारदर्शक टोक उजेडात धरा. आत रंगीत तारा दिसतील, त्या मोजा. शंभर एमबीपीएसला चार तारा पुरतात. हे १९९५ सालचं तंत्र. गिगाबिटचं १९९९ मध्ये आलं, त्याला आठही तारा लागतात. इमारतीत वायर ओढणारे कितीतरी जण आठ तारांच्या वायरीतून दोन घरं काढतात, चार इकडे, चार तिकडे. शंभरच्या काळात ही काटकसर खपून गेली. पुढे प्लॅन वाढतो, बिल वाढतं आणि जिन्यातली वायर मात्र तीच राहते. आमच्या इमारतीत अशा वायरीवर एका कुटुंबाने दुप्पट वेगाचे पैसे कितीतरी महिने भरले. दर तक्रारीला उत्तर एकच यायचं, "आमच्या साइडने ओके आहे." आणि त्यांच्या साइडने ते ओके होतंही.

वायर धडधाकट असली तरी राउटर असतो. दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० लिहिलेला स्वस्त राउटर मिळतो. तो आकडा हवेतल्या वाय-फायचा, तोही कागदावरचा. त्याच राउटरची मागची भोकं, जिथे नेटची वायर बसते, ती शंभरची असतात. शंभरच्या भोकातून आत आलेलं पुढे हवेत तीनशे कसं होणार? खोक्यावर १२०० असेल तर तिथे बेरीज केलेली असते: एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७, मग जरा वर ओढून १२००. एकच मोबाइल एका वेळी दोन्ही बँडवर नसतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. तरीही असा राउटर कंपनीच 'फ्री' म्हणून हातावर ठेवते आणि आपण खूश होतो.

हा प्रकार कोर्टापर्यंतही गेला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने फेब्रुवारी २०१७ मध्ये टाइम वॉर्नर केबल आणि तिला विकत घेणाऱ्या चार्टर या कंपन्यांवर खटला भरला. मोठ्या वेगाचे प्लॅन विकले, पण घरात भाड्याने दिलेले मोडेम जुने होते, त्यांना तो वेग पेलतच नव्हता, हा आरोपांपैकी एक. डिसेंबर २०१८ मध्ये १७ कोटी ४२ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातला काही भाग ग्राहकांना रोख परत मिळाला, बराचसा मात्र फुकट चॅनेलांच्या रूपात. एवढा मोठा दावा, आणि त्यात एक कळीची वस्तू टीव्हीमागे धूळ खात पडलेली डबी.

वाय-फायबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याचा दोष कंपनीकडे फारसा जात नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही इमारतीत मोबाइलमध्ये वाय-फायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं सहज दिसतात, आणि ती सगळी या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली असतात. एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं. पाचच्या बँडवर जागा बक्कळ आहे, पण तो भिंतीपुढे लवकर हार मानतो. शिवाय वायर दारातून आत येते म्हणून राउटर दाराशीच, चपलांच्या कपाटावर बसतो, आणि अभ्यासाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये सिमेंटच्या दोन भिंती. तिथे शंभरचे पंचवीस झाले तर केबलवाल्याला फोन करण्याआधी राउटर हलवून पाहावा.

आता घराबाहेर पडू. आज शहरांत बहुतेक घरी फायबर येतो तो जीपीऑन नावाच्या पद्धतीने. एक फायबर निघतो, वाटेत काचेच्या स्प्लिटरमध्ये त्याच्या ३२ किंवा ६४ फांद्या होतात आणि प्रत्येक फांदी एका घरात जाते. मूळ फायबरचा वेग येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि जाताना १.२५. चौसष्ट घरांना शंभरचे प्लॅन विकले तर विक्री झाली ६.४ गिगाबिटची, माल अडीचचा. हा आकडा वाचून चिडायचं कारण नाही. रेल्वेसुद्धा लोकलचे पास गाडीतल्या जागा मोजून विकत नाही. सगळे पासधारक एकाच गाडीला येणार नाहीत यावर तिचा हिशेब उभा असतो. शिवाय घरटी गरज प्लॅनच्या मानाने फारच थोडी असते. नेटफ्लिक्स पूर्ण एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेत असं सांगतं, फोर-केसाठी १५. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच वेळी फोर-के सिनेमा लावला तरी ९६० एमबीपीएस होतात. अडीच गिगाबिटच्या निम्मेही नाहीत. तेव्हा स्प्लिटरवर संशय घेऊ नये.

खरी चणचण त्याच्या वर असते. आपल्याकडे शहरातल्या गल्लीत आणि तालुक्याच्या गावी नेट देणारा बऱ्याचदा कालपर्यंत केबल टीव्ही देणारा माणूसच असतो. तो वरच्या मोठ्या कंपनीकडून ठोक वेग विकत घेतो आणि किरकोळीने आपल्याला विकतो. ठोक किती घ्यायचा हा त्याचा निर्णय. कमी घेतला तर पैसे वाचतात, आणि दिवसभर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रात्री नऊला, त्यातून आयपीएल चालू असेल तर, सगळे पासधारक एकाच गाडीला येतात. एका ग्राहकाला विकलेला वेग किती जणांत वाटायचा, या प्रमाणावर ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने २००९ साली मर्यादा घालून दिली होती: घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास. म्हणजे अगदी नियमात बसूनही, सगळे एकदम आले तर शंभरच्या प्लॅनमध्ये वाट्याला दोन येतात. हे प्रमाण मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेलं नाही.

एक चमत्कारिक अनुभव पुष्कळांना येतो. यूट्यूब झकास चालतं, स्पीड टेस्ट ९४ दाखवते, पण ऑफिसचं काम रेंगाळतं. याचं कारण असं की, गूगल आणि नेटफ्लिक्स लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारी यंत्रं नेट कंपन्यांच्या आवारातच बसवतात. ते व्हिडिओ कंपनीच्या जाळ्याबाहेरून यावेच लागत नाहीत. स्पीड टेस्टचा सर्व्हरही पुष्कळदा त्याच आवारात असतो, कारण अ‍ॅप सर्वांत जवळचा सर्व्हर आपण होऊन निवडतं. ऑफिसचा सर्व्हर सिंगापूरला किंवा अमेरिकेत असतो. तिकडे जाणारी बाहेरची लाइन रात्री भरलेली. म्हणून टेस्ट घेताना सर्व्हर मुद्दाम बदलून दूरच्या शहराचा घ्यावा. नेटफ्लिक्सने २०१६ च्या मे महिन्यात फास्ट डॉट कॉम ही स्वतःची टेस्ट सुरू केली, ती त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते; तिथला आकडा आणि दूरच्या सर्व्हरवरच्या टेस्टचा आकडा यांत रोज रात्री मोठा फरक पडत असेल तर दुखणं बाहेरच्या लाइनीत आहे असं मानायला जागा आहे.

तर मग सरकार कुठला वेग मोजतं? आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. सेकंदाला ३२ केबी. एमटीएनएल आणि बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली तेव्हा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर हा वेगही चैनीचा वाटायचा. बीएसएनएलच्या पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे; पोरं दीडला गजर लावून उठत आणि डाउनलोड लावून परत झोपत. वेळ बदलली की वेगाची किंमत बदलते, हे त्या दरपत्रकात उघड उघड लिहिलेलं होतं. नंतरच्या जाहिरातींनी ते झाकलं. व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. दरम्यान २०१८ च्या दूरसंचार धोरणाने प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएसचं उद्दिष्ट लिहून ठेवलं. उद्दिष्ट पन्नासचं आणि व्याख्या दोनची, हे अंतर बोलकं आहे.

व्याख्येपेक्षा मोजणीचा नियम जास्त महत्त्वाचा. ट्रायच्या २००६ च्या सेवा-दर्जा नियमांत, जे ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे नियम येईपर्यंत लागू होते, दोन अटी होत्या. पहिली: विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे, पण कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. दुसरी: कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या लाइनी गर्दीच्या वेळी ८० टक्क्यांच्या आत भरलेल्या असाव्यात; ९० च्या वर गेल्या तर कोंडी झाली असं समजायचं. अटी अजिबात वाईट नव्हत्या. पहिली अट निदान ग्राहक घरी बसून अजमावू शकतो. दुसरी, जिच्यावर रात्री नऊचा अनुभव ठरतो, ती अजमावायला कंपनीची आतली आकडेवारी लागते. ती गल्लीतल्या माणसाने कुठून आणायची?

ब्रिटनने हा गुंता जाहिरातीच्या बाजूने सोडवला. तिथे २०१२ पासूनचा नियम असा होता की, १० टक्के ग्राहकांना एखादा वेग मिळत असेल तरी 'पर्यंत' जोडून तो छापता येई. दहातल्या नऊ जणांना तो कधीच दिसला नाही तरी चाले. तांब्याच्या तारेवर एक्सचेंजपासून जितकं दूर राहाल तितका वेग घटतो, त्यामुळे एक्सचेंजशेजारी राहणाऱ्यांच्या नशिबावर देशभराची जाहिरात चालली होती. २३ मे २०१८ पासून नियम बदलला: रात्री आठ ते दहा या वेळेत निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो तोच वेग छापायचा. परिणाम पाहण्यासारखा होता. वर्षानुवर्षं '१७ पर्यंत' म्हणून विकले गेलेले प्लॅन त्या मोसमात १० किंवा ११ चे झाले. जमिनीखालची तार तीच, एक्सचेंज तेच.

अमेरिकेने यंत्रं बसवली. एफसीसी या तिथल्या नियामकाने हजारो स्वयंसेवक कुटुंबांच्या राउटरना मोजणीच्या डब्या जोडल्या, आठवड्याच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ते अकराचा वेग नोंदला आणि २०११ पासून कंपन्यांची नावं घेऊन अहवाल छापले. पहिल्या अहवालात केबलव्हिजन ही कंपनी गर्दीच्या वेळी जाहीर वेगाच्या निम्म्याच्या आसपास घसरलेली दिसली. २०१२ च्या अहवालात तीच कंपनी जाहीर वेगाच्याही वर होती. दंड नाही, खटला नाही. फक्त आकडा नावासकट छापला गेला. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप २०१६ साली आलं, पण ते मोबाइलच्या मालकाने स्वतः लावायचं, त्यामुळे त्यात घरच्या वाय-फायचा दोष आणि कंपनीचा दोष एकत्र कालवले जातात. ठरावीक घरांत वायरीला जोडलेल्या डब्या आपल्याकडेही बसवाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. खर्च फार नाही, आणि अहवाल जिल्हावार निघाला तर त्याची बातमी गावोगावच्या पेपरात येईल.

जर्मनीने डिसेंबर २०२१ पासून मोजमाप ग्राहकाच्याच हाती दिलं. नियामकाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि सुरुवातीच्या नियमाप्रमाणे तीन दिवसांत तीस वेळा मोजायचं. करारातल्या वेगापेक्षा बराच कमी भरला तर बिल त्या प्रमाणात कमी करून मागायचं, नाहीतर करार मोडायचा. काम किचकट, पण निकाल कागदावर येतो.

आपल्याकडच्या प्लॅनमध्ये आणखी एक कलम असतं, आणि त्यावर बारीक तारका असते. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग पाडला जातो. किती पाडायचा यालाही तळ आहे: ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो ५१२ केबीपीएस ठरवला. साध्या कुटुंबाचं ३३०० जीबीत आरामात भागतं, हे मान्य. पण गणित करून पाहा: शंभर एमबीपीएस पूर्ण वेगाने अखंड वापरले तर ही मर्यादा तीन दिवसांच्या जरा पुढे संपते. महिन्यातले उरलेले सत्तावीस दिवस त्याच 'शंभरच्या अनलिमिटेड' प्लॅनचा वेग कायद्याने अर्धा एमबीपीएसही असू शकतो. प्लॅन जितका वेगवान तितकी ही मर्यादा लवकर गाठता येते, हा त्यातला विनोद.

तक्रार करायची तर तयारी अशी असावी. लॅपटॉप वायरीने थेट राउटरला जोडायचा, घरातलं बाकी सगळं बंद करायचं. दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, सलग काही दिवस, जवळच्या आणि दूरच्या सर्व्हरवर टेस्ट घ्यायची आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवायचे. दुपारी ९४ आणि रात्री जवळच्या सर्व्हरवरही ३० असेल तर "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर पुरत नाही, आणि तसं सांगून टाकायला हरकत नाही. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, अशा दोन पायऱ्या आहेत आणि अपिलाला फी नाही. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिग्राफ कायद्यामुळे दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असा बचाव कंपन्या करत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो फेटाळला. फोनवर तक्रार नोंदवताना समोरचा माणूस "झालं सर, बघतो" म्हणून ठेवायच्या बेतात असतो. त्याला थांबवून डॉकेट नंबर मागून घ्यावा, कारण पुढे अपिलात तोच विचारतात.